आधी ओलावा, मग ऊब

डिसेंबर लागला की नागपुरात तोच माणूस दिवसातून दोनदा वेगळा दिसतो. सकाळी साडेसहाला धरमपेठेत दूध घ्यायला येताना स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा बंदोबस्त, आणि दुपारी दोनला सीताबर्डीवर तेच स्वेटर कमरेला बांधलेलं. पहाटे १० अंश आणि दुपारी २८ अंश, हे इथलं नेहमीचं. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तर पारा ३.५ अंशांवर उतरला होता. "बापा, काय थंडी पडली!" असं त्या दिवसांत जो तो म्हणतो. पण गारठ्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, त्रास देतो तो इथल्या हवेचा कोरडेपणा. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, नाकात खपल्या धरतात आणि झोपेतून उठल्यावर घसा खरवडल्यासारखा होतो. ओठांवर जे डोळ्यांना दिसतं तेच नाकाच्या आत आणि श्वासनलिकेतही चाललेलं असतं, फक्त ते दिसत नाही.

नाकाचं काम किती मोठं आहे, हे नाक चोंदल्याशिवाय लक्षात येत नाही. बाहेरची १० अंशांची कोरडी हवा फुप्फुसाच्या आतल्या भागात पोहोचते तेव्हा ती ३७ अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते. ही ऊब आणि हे पाणी येतं नाकाच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरातून. हवा जितकी कोरडी, तितकं अस्तरातलं पाणी जास्त खर्च होतं. मग तिथला पातळ चिकट थर दाट होतो, तो थर घशाकडे ढकलत नेणारे सूक्ष्म केस मंदावतात आणि त्यावर बसलेली धूळ, धूर, जंतू तिथेच मुक्काम करतात. म्हणजे कोरडेपणा आधी येतो आणि कफ नंतर. आयुर्वेदाच्या भाषेत सांगायचं तर रूक्ष आणि शीत गुणांनी वात बिघडतो आणि साचलेला कफ त्याची वाट अडवतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा सतरावा अध्याय उचकी आणि दम्याचा आहे. हे दोन्ही विकार कफ आणि वात यांचे, पण उगम पित्ताच्या स्थानातला, म्हणजे पोटातला, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. या शेवटच्या शब्दाकडे पुढे परत यावं लागेल.

हे एवढं विस्ताराने सांगण्याचं कारण म्हणजे थंडीत घरोघरी होणारी एक चूक. सर्दीची चाहूल लागली की सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, जे जे उष्ण म्हणून डब्यात असेल ते पातेल्यात पडतं आणि तो काढा दिवसातून चारदा पोटात जातो. करोनाच्या काळात तर हे फार झालं. तोंड येणं, छातीत जळजळ, नाकातून रक्त, शौचाला कडक होणं, अशा तक्रारी त्यातूनच वाढल्या. कोरड्या भांड्याला नुसती आच दिली की ते करपतं. तूप-तेल न लावता उष्ण औषधं देत राहिलं की सुकलेलं अस्तर आणखी सुकतं आणि खोकला ठसक्याचा होतो. चरकाने दम्याच्या उपचाराचा क्रम सांगताना पहिल्याच पायरीला स्निग्ध शेक ठेवला आहे, आणि तोसुद्धा मीठ घातलेलं तेल अंगाला लावून झाल्यावर. कारणही तिथेच आहे. डोंगराच्या कपारीतला बर्फ उन्हाने वितळून वाहू लागतो, तसा शरीरात घट्ट बसलेला कफ शेकाने सुटतो. आधी ओलावा, मग ऊब, आणि त्यानंतर बाहेर काढणं. घरगुती उपाय असोत की प्राणायाम, हा क्रम सांभाळला की निम्मं काम होतं.

तेल आणि शेक घरी सहज जमतो. दोन मोठे चमचे तिळाच्या तेलात पाव चहाचा चमचा बारीक सैंधव घालून कोमट करायचं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावं, थेट गॅसवर नको, कारण तेल किती तापलं ते बोटाला कळेपर्यंत उशीर होतो. सैंधव तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून ढवळत राहायचं. छातीला, बरगड्यांच्या बाजूला आणि पाठीला खांद्यांच्या फऱ्यांमध्ये हलक्या हाताने पाच-सात मिनिटं चोळायचं. मग जाड सुती कापडात दोन मूठ ओवा बांधून पुरचुंडी करायची, कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करायची आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. तिथे सोसली तरच पाठीला. हृदयावर, म्हणजे छातीच्या डाव्या बाजूला, शेक हलका आणि थोडाच. एकूण दहा मिनिटं पुरे. नंतर अंग पुसून, बनियन घालून अर्धा तास पांघरुणात. शेकून झाल्यावर लगेच गच्चीवर किंवा स्कूटरवर गेलं तर उघडलेल्या घामावर वारं लागतं आणि केलेलं सगळं वाया जातं. ताप असताना, जेवणानंतर लगेच किंवा त्वचेवर पुरळ असताना हा शेक करायचा नाही. मधुमेहात हातापायांची संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचं कळत नाही, तिथे दुसऱ्याने तपासून द्यावा.

नाकासाठी सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नाकात तूप किंवा तेल सोडणं. शास्त्रात याला प्रतिमर्श नस्य म्हणतात आणि मात्रा आहे प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. यापेक्षा जास्त मात्रेचं नस्य हा वैद्याच्या देखरेखीचा विषय. गाईचं पातळ केलेलं तूप किंवा तिळाचं तेल चालतं. वैद्याने अणुतैल, म्हणजे नस्यासाठीचं औषधी तेल, दिलं असेल तर तेही. तुपाची छोटी बाटली गरम पाण्याच्या पेल्यात पाच मिनिटं ठेवायची. उताणं झोपून खांद्याखाली पातळ उशी घ्यायची, म्हणजे मान थोडी मागे कलते आणि नाकपुड्या छताकडे येतात. ड्रॉपरचं टोक नाकाला टेकवू नये. टेकलं की थेंब आत न जाता पुढच्या केसांत अडकतो, शिवाय बाटलीत जंतू जातात. थेंब पडला की श्वास जोरात ओढायचा नाही, नेहमीसारखा संथ घ्यायचा. एक-दोन मिनिटांत घशात काही उतरलं तर ते गिळायचं नाही, थुंकायचं, आणि कोमट पाण्याने गुळण्या. जोरात ओढण्याची सवय बहुतेकांना असते, त्यामुळे तूप सरळ घशात जातं, ठसका लागतो आणि मग "मला नस्य मानवत नाही" असं ठरतं.

इथे एक सावधगिरी कळकळीने सांगावीशी वाटते. अंथरुणाला खिळलेली माणसं, गिळताना ठसका लागणारे वृद्ध आणि लहान मुलं यांच्या नाकात तेलाचे थेंब सोडू नयेत. तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसात त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. आजोबांसाठी करंगळीच्या टोकाला तूप लावून नाकपुडीच्या आतल्या कडेला फिरवलं तरी भागतं. ताजी वाहती सर्दी, ताप, नुकतंच झालेलं जेवण आणि डोक्यावरून अंघोळ, या चारही वेळी नस्य टाळायचं. इतर दिवशी सकाळी बाहेर पडण्यापूर्वी आणि रात्री झोपताना केलं तर जानेवारीतल्या नाकाच्या खपल्या आणि बोट लावताच येणारं रक्त बऱ्याच जणांचं थांबतं.

जलनेती, म्हणजे तोटीच्या भांड्याने कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून काढणं, याच्या उलट दिशेचं काम करते. नस्य ओलावा देतं, नेती धुऊन काढते. ज्यांना धुळीची अॅलर्जी आहे, जे दिवसभर दुचाकीवर फिरतात, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या पट्ट्यात राहतात किंवा शहरात चाललेल्या कुठल्या ना कुठल्या खोदकामाशेजारी ज्यांचं दुकान आहे, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा नेतीचा खरा उपयोग होतो. रोज करण्याची गरज कोरड्या थंडीत सहसा नसते, कारण रोज धुतल्याने अस्तरावरचा उपयोगी थरही जातो.

नेतीत बिघडतं ते बहुतेक वेळा पाणी आणि मीठ यांत. नळाचं पाणी थेट वापरायचं नाही, फिल्टरचंही नाही. पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून वाचणं अवघड असतं. म्हणून पाणी खळखळून उकळी फुटल्यावर तीन-चार मिनिटं उकळायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. थंड करण्यासाठी त्यात नळाचं पाणी मिसळणं ही सर्रास होणारी चूक, त्याने उकळण्याचा उपयोगच जातो. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा थोडा कमी भरून. सैंधवाची पूड जाड असेल तर चमच्यात कमी मावते, तेव्हा पहिल्या वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून घ्यावं आणि त्या चमच्याची खूणगाठ बांधावी. चव अश्रूंइतकी खारट हवी. मीठ कमी पडलं तर पोहताना नाकात पाणी गेल्यावर होते तशी झोंबणारी आग होते, जास्त झालं तर चुरचुरतं आणि नाक सुजून बंद होतं. दोन्ही वेळा दोष मोजण्याचा असतो.

बेसिनसमोर पाय थोडे फाकवून उभं राहायचं, कमरेतून वाकायचं आणि मग मान डावीकडे कलती करायची. तोंड उघडं ठेवून श्वास तोंडानेच. तोटी उजव्या नाकपुडीत घट्ट बसवून भांडं हळूहळू उचललं की काही क्षणांत डाव्या नाकपुडीतून आधी थेंब, मग बारीक धार सुरू होते. पाणी घशात येत असेल तर हनुवटी वर उचललेली आहे किंवा मध्येच बोलणं-गिळणं झालं आहे असं समजावं, कपाळ थोडं आणखी खाली घ्यावं. निम्मं पाणी या बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने. यानंतरची पाच मिनिटं नेतीइतकीच महत्त्वाची आहेत. पुढे वाकून, डोकं खाली, आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून वीस-पंचवीस हलके उच्छ्वास. मग मान उजवीकडे वळवून थोडे, डावीकडे वळवून थोडे. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर राहिलेलं पाणी कानाच्या नळीत शिरतं आणि रात्री कान ठणकतो. नीट वाळवलं नाही तर दुपारी कपाळ जड होतं, आणि "नेतीने सर्दी झाली" ही तक्रार तिथूनच येते. नेतीनंतर तासभर गार हवेत जायचं नाही, आणि रात्री झोपताना तुपाचे दोन थेंब. नाक पूर्ण चोंदलेलं असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेती नाही.

आता पहाटेचा प्रश्न. योग या शहराला नवा नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे आसन-प्राणायाम इथल्या मध्यमवर्गीय घरात कधीचे रुळले आहेत आणि पहाटे उठून करायचं ही शिस्तही त्याबरोबर आली आहे. उन्हाळ्यात ती शिस्त उत्तम. पण डिसेंबर-जानेवारीत दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाने पहाटे साडेपाचला अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोराने श्वास घेणं-सोडणं, मला पटत नाही. रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. तलावावर दिसणारं ते सुंदर पांढुरकं धुकं निव्वळ धुकं नसतं. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण फुटतं, साधारण नऊच्या पुढे. ज्यांना वेळ आहे त्यांनी फिरणं नऊनंतर न्यावं. नोकरीवाल्यांनी सकाळी सातला घरातच, खिडकी किलकिली ठेवून, सतरंजीवर करावं आणि चालणं संध्याकाळी पाच-साडेपाचला, दिवेलागणीच्या आत उरकावं. बाहेर जाणं टळतच नसेल तर नाकातोंडावरून सुती मफलर. त्याच्या आत उच्छ्वासाची वाफ साठते आणि पुढचा श्वास आपोआप ओला-उबदार मिळतो.

प्राणायामातही क्रम तोच. अंग गरम होण्याआधी कपालभाती करायला बसलं की गार, कोरडी हवा जोराने आत-बाहेर होते आणि ज्यांच्या श्वासनलिका हळव्या आहेत त्यांना खोकल्याची उबळ येते. आधी दहा मिनिटं शरीर हलवावं. श्वास घेत हात वर, सोडत खाली, दहा वेळा. मार्जारासन आठ-दहा वेळा, पाठ गोलाकार करताना श्वास पूर्ण सोडून. भुजंगासन तीन वेळा, प्रत्येकी तीन-चार संथ श्वास. मग सेतुबंधासन, आणि बसून गोमुखासनात दोन्ही बाजूंनी हात, कारण थंडीत खांदे आखडून पुढे आलेले असतात आणि बरगड्या उघडतच नाहीत. एवढ्याने कपाळाला किंचित ओल आली पाहिजे.

त्यानंतरचा पहिला धडा श्वास सोडण्याचा. दम्यात हवा आत जात नाही असं वाटतं, पण मूळ अडचण ती बाहेर पडत नाही ही असते. अरुंद नळ्यांतून हवा सुटत नाही, छाती भरलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. त्यामुळे "खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या" या सल्ल्याने अशा माणसाची घाबरगुंडीच वाढते. त्याला सांगायचं ते हळू आणि पूर्ण सोडायला. चार अंकांत घ्या, सहा अंकांत सोडा, आठवड्याभराने आठ अंकांत. मोजण्याच्या मागे लागून पोट ताठ होत असेल तर आकडा कमी करा. अनुलोम-विलोम याच प्रमाणात पाच ते सात मिनिटं, कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, न करता. दमा, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण यांत श्वास रोखून धरण्याचं काही कारण नाही.

उज्जायीबद्दल हठयोगप्रदीपिकेत म्हटलं आहे की तो कंठातला कफ दूर करतो. घशाचं दार किंचित अरुंद करून घेतलेला हा घर्षणाचा श्वास संथ होतो, आणि संथ गेलेल्या हवेला उबदार व्हायला वेळ मिळतो. गारठ्यात जिना चढतानाही तो करता येतो. सोसेल त्यांनी सूर्यभेदन करावं, उजवीकडून घेऊन डावीकडून सोडणं, नऊ आवर्तनं. रक्तदाब, आम्लपित्त किंवा ताप असेल तर ते नको. शीतली आणि सीत्कारी मात्र मार्चपर्यंत बाजूला ठेवाव्यात, तोंडाने गार हवा ओढण्याचे हे दिवसच नव्हेत.

कपालभाती नाक मोकळं असेल तेव्हाच. सेकंदाला एक याहून वेग नको, एका वेळी वीस ते तीस, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, दोन किंवा तीन वेळा. झटका फक्त श्वास सोडताना आणि तो बेंबीच्या खालून. खांदे उडत असतील, चेहरा आवळला जात असेल तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे. दम्याचा जोर चालू असताना, हर्निया, हृदयविकार, अपस्मार, पाळीचे दिवस आणि गरोदरपण यांत कपालभाती वर्ज्य. शेवटी भ्रामरी, सात ते अकरा वेळा, ओठ मिटलेले, दात सुटे, आणि गुंजारव कपाळाच्या मागे जाणवेल इतका खालच्या पट्टीत. २००२ साली स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात गुणगुणताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या १५ पट आढळलं होतं. हा वायू नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांमध्ये तयार होतो आणि गुंजारवाने त्या पोकळ्यांतली हवा खेळती होते. ज्यांच्या कपाळात-गालांत जडपणा राहतो, त्यांनी भ्रामरी कधीच गाळू नये.

काढ्याला विरोध नाही, सरसकटपणाला आहे. खोकला कोरडा की ओला, हे आधी ठरवायचं. ठसका, घशात खवखव, काहीच पडत नाही, रात्री वाढतो, हा कोरडा. त्याला बोटाच्या पेराएवढं ज्येष्ठमध ठेचून, पाच-सात तुळशीची पानं, दोन कप पाण्यात अर्धा कप उरेपर्यंत मंद आचेवर, आणि पिताना अर्धा चमचा तूप. सुंठ-मिरी यात घालायची नाही. छातीत घरघर, पांढरा चिकट कफ, सकाळी जास्त, हा ओला. त्याला अडुळशाचं एक मोठं पान, पाव चमचा सुंठ, दोन मिरे, तेवढ्याच पाण्यात तसंच आटवून, आणि कोमट झाल्यावर चमचाभर मध. मध उकळत्या काढ्यात कधीच नाही. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस, मग थांबायचं. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावं. अडुळसा गरोदरपणी नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा चाटवू नये. सितोपलादी चूर्ण घरात असावंच, खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १ असं त्याचं प्रमाण. निम्म्याहून जास्त साखरच असल्याने मधुमेहींनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. मध-तुपातून घेताना दोन्ही समान वजनाचे नसावेत.

वाफेचं थोडक्यात. ती सर्दी बरी करत नाही, घट्ट झालेलं सैल करते, आणि तेवढं पुरेसं आहे. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, पातेलं डगमगणार नाही अशा टेबलावर. मांडीवर किंवा पलंगावर ठेवलेलं पातेलं उलटून भाजल्याचे प्रसंग दर हिवाळ्यात घडतात. मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवूच नये, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून त्या वाफेत मोठ्यांनी कडेवर घेऊन बसावं. कापूर आणि निलगिरीचं तेल लहानग्यांच्या आसपास नको. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

घरातला धूर आणि धूळही हिशेबात धरावी. ट्रंकेतून काढलेल्या रजया-दुलयांना डांबरगोळ्यांचा वास आणि वर्षाची धूळ असते. त्या अंगावर घेण्याआधी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात, मध्ये एकदा उलटून आणि झटकून. झटकण्याचं काम दम्याच्या माणसाने करायचं नाही. दारं-खिडक्या बंद करून लावलेली मच्छर कॉइल, उदबत्ती, ओव्याची धुरी हे तिन्ही श्वासाला सारखेच, औषधी म्हणून धुरीला सूट नाही.

आणि तो पोटाचा मुद्दा. लग्नसराईत रात्री दहाला पंगत, त्यात सावजीचा रस्सा, वर आइस्क्रीम, आणि साडेअकराला आडवं. रात्री दोनला जो खोकला उठतो त्याला हवामान फारसं जबाबदार नसतं. पोटातलं आम्ल घशापर्यंत येऊन श्वासनलिकेला चेतवतं, आणि चरकाचं पित्तस्थान इथे डोळ्यांसमोर येतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवले, पलंगाची डोक्याकडची बाजू विटेएवढी उचलली की काही जणांचा रात्रीचा खोकला औषधाशिवाय उतरतो. बाकी जेवण नागपूरच्या हिवाळ्याला शोभेल असंच असावं, ज्वारीची भाकरी, भरीत, जवसाची चटणी, तूप, कुळथाचं कढण. संत्र्याला उगाच बदनाम केलं जातं. दुपारच्या उन्हात, फ्रिजमधलं नसलेलं, सोलून लगेच खाल्लेलं संत्र सहसा बाधत नाही. रात्री दह्याबरोबर मात्र नको.

जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भावर अवकाळी ढग येतात, कधी गारा पडतात. चरकाने तमक श्वास, म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो तो, ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडच्या वाऱ्याने वाढतो असं लिहिलं आहे, आणि अशा रुग्णाला आडवं झाल्यावर नव्हे, बसल्यावर बरं वाटतं हेही. त्या दिवसांत नियमित औषधं, इन्हेलर चुकवू नये. आसनं सुरू केली म्हणून इन्हेलर बंद करणं हा थंडीतला सर्वांत महाग पडणारा उत्साह आहे. दम लागलाच तर आधी डॉक्टरांनी सांगितलेला इन्हेलर, मग खुर्चीत पुढे झुकून, कोपर टेबलावर टेकवून, ओठ शीळ घालण्यासारखे करून सावकाश श्वास सोडणं. एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, इन्हेलरने उतार पडत नसेल किंवा बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र ९२ च्या खाली दाखवत असेल, तर काढा-शेक काहीही करत न बसता दवाखाना गाठायचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला थंडीचा खोकला म्हणून सोडू नये. क्षयरोग नाही ना हे पाहणारी थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

हे सगळं साधारण महाशिवरात्रीपर्यंत. त्यानंतर नागपूरचं ऊन एकदम चढतं आणि हिवाळाभर साचलेला कफ वितळून नाकाडोळ्यांतून वाहू लागतो. वसंतातला हा कफाचा प्रकोप आयुर्वेदाने ऋतुचर्येतच सांगून ठेवला आहे. तेव्हा डिंकाचे-मेथीचे लाडू बंद करावेत, तूप कमी, दुपारची झोप बंद, सकाळच्या कोमट पाण्यात चमचाभर मध, आणि कपालभातीची एक फेरी वाढवावी. दरवर्षी मार्चमध्ये छाती भरतेच अशांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वैद्याकडे जाऊन वमनाचं, म्हणजे औषधाने उलटी करवून कफ काढण्याचं, विचारून घ्यावं, कारण त्याच्या आधीची स्नेहपानाची, म्हणजे औषधी तूप पिण्याची, तयारीच पाच-सात दिवसांची असते.